रेक्टरीची मागची भिंत

इनासकाका,

तुम्हाला माती देऊन आज पाच दिवस झाले, आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे.

आज रविवार. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता टाउन हॉलमध्ये हेरिटेज समितीची सुनावणी आहे. तिची विषयपत्रिका ईमेलने आली. विषय पहिला: इनास यांच्या स्मृतीसाठी एक मिनिट मौन. विषय दुसरा: जुन्या रेक्टरीचा, म्हणजे धर्मगुरूंच्या जुन्या घराचा, मागचा भाग पाडण्याची परवानगी. दुसऱ्या विषयावर बोलणार मी, कारण तो भाग वाचवण्यापलीकडे गेला आहे हा अहवाल माझा. सही माझी, शिक्का माझा. म्हणजे आधी एक मिनिट तुमच्यासाठी उभं राहायचं आणि मग तुमची भिंत पाडायची. समितीनं हे मुद्दाम केलेलं नाही, मला कळतं. तरी ती ईमेल वाचून मी लॅपटॉप आपटून बंद केला.

आपली ओळख नऊ वर्षांची. मी मूळ नागपूरची, इथे परदेशात मिल्टनमध्ये राहणारी स्ट्रक्चरल इंजिनियर; तुम्ही वसईचे, जुन्या विटांच्या घरांची डागडुजी करणारे गवंडी. पहिल्या दिवशी मी ‘अंकल’ म्हणाले तर म्हणालात, “अंकल सगळ्या जगाला म्हणतात. काका म्हण.” मी काका म्हणायला लागले आणि तुम्ही मला शेवटपर्यंत इंजिनियरबाईच म्हणत राहिलात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर आवडलं नसतं.

भिंतीवर बोटाचं पेर वाजवून आतली पोकळी ऐकायला तुम्ही मला शिकवलंत. माझ्याकडे त्यासाठी यंत्र होतं. तुम्ही यंत्राच्या आधी सांगायचात, मी यंत्रानं तपासायचे, आणि आकडा जुळला की तुम्ही वसईहून आलेली सुकेळी डब्यातून काढून पुढे करायचात. म्हणजे हरल्याबद्दल सुकवलेलं केळं. मी चिडायचे आणि खायचेही.

आणि मग ही रेक्टरी. मिल्टनहून पश्चिमेला तासाभरावर, शनिवारच्या बाजाराचं गाव, जिथली कितीतरी जुनी घरं तुम्ही दुरुस्त केलेली. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला बाजाराचं पटांगण, आणि मधे हे घर. चर्चचे धर्मगुरू पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले. पुढे चर्चला ते परवडेना म्हणून विकलं गेलं. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पुढच्या अंगणात उभी राहून भराभर फोटो काढत होते. फिकट पिवळ्या विटा, मधोमध उभं त्रिकोणी छत, त्यात टोकदार कमानीची खिडकी, छताच्या कडेला लाकडात कोरलेली झालर. डाव्या हाताला धर्मगुरूंची अभ्यासिका, तिला वेगळं दार. भेटायला येणाऱ्यानं घरच्यांच्या खोल्या ओलांडू नयेत म्हणून. किती विचार केलाय, मी म्हणाले. तुम्ही या सगळ्याकडे पाठ करून मागे गेलात.

“इकडे ये,” तुम्ही हाक मारलीत. “पुढचं दार बिशप आला की उघडत असतील. घर इकडे आहे.”

इकडे म्हणजे स्वयंपाकघराचा लांबट, बुटका भाग, बाजाराकडे तोंड करून. ना झालर, ना कमान. तुम्ही मला आधी पुढच्या पायरीचा दगड दाखवलात, त्याची धार अजून शाबूत होती. मग मागच्या दाराचा उंबरा दाखवलात. तो मधोमध इतका झिजलेला की आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी त्यात ताटलीत राहावं तसं राहिलं होतं. बाजार उठला की शेतकरी या दाराशी यायचे, असं तुमचं म्हणणं. बाप्तिस्म्याचा दिवस ठरवायला, पत्र वाचून घ्यायला, नुसतेच हात शेकायला. मी विचारलं, “पुरावा?” तुम्ही बुटाच्या टोकानं उंबऱ्याचा खळगा दाखवलात. मग आपण आत गेलो आणि दाराची चौकट मला खाडकन कपाळावर लागली. चौकट बुटकी होती. तुम्ही माझ्यापुढे होतात आणि तुम्ही वाकला होतात, वर न बघता. ते मी पाहिलं होतं, काका. पाहिलं आणि सोडून दिलं.

गेल्या वर्षी घर नव्या मालकानं घेतलं. वॉन शहरात त्याची गोदामं आहेत, माणूस वाईट नाही. पुढच्या भागात छोटं हॉटेल करायचं, मागचं पाडून पार्किंग करायचं, इतका साधा हिशेब. त्यानं मला नेमलं, मी तुम्हाला नेलं. उत्तरेच्या भिंतीत खालपासून वरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांची भेग होती आणि दहातल्या चार विटांचे चेहरे गळून पडले होते. मी म्हणाले पाया खचतोय, विटा संपल्या. तुम्ही म्हणालात, “भिंत आजारी आहे. मेलेली नाही.”

विटांमधल्या सांध्यांत, तुमच्या भाषेत दरजांत, राखाडी सिमेंट भरलेलं होतं. मूळ बांधणी चुन्याची. “चुना कच्चा, वीट पक्की,” तुम्ही सांगितलंत. “दोघांचं भांडण झालं तर चुन्यानं माघार घ्यायची असते. पाणी त्याच्यातून बाहेर जातं, झिजायचं ते तो झिजतो. सिमेंट माघार घेत नाही. मग पाणी विटेत अडकतं, हिवाळ्यात गोठतं, आणि वीट फुटते.”

“पण कुणी भरलं हे सिमेंट?” मी विचारलं.

तुम्ही आभाळाकडे बघितलंत. “असेल कुणी घाईतला.”

ऑक्टोबरमध्ये तुम्ही भेगेवर गिलाव्याची वीतभर पट्टी मारलीत. भिंत हलत असेल तर पट्टी तडकेल, हिवाळाभर बघू, म्हणालात. मालकाला हिवाळाभर थांबायचं नव्हतं. मी जानेवारीत सही केली. पट्टी बघायला गेलेच नाही. रस्त्यावर बर्फ होतं हे कारण मी स्वतःला दिलं. त्याच आठवड्यात त्याच रस्त्यानं मी दुसरीकडे गेले होते.

आता त्या बुधवारबद्दल, तुम्ही जायच्या दोन दिवस आधीच्या. मालक स्वयंपाकघरात टेप घेऊन उभा, आणि तुम्ही मराठीत, मोठ्यानं, थांबायलाच तयार नाही. मीही मराठीतच ओरडले, “काका, काहून एवढा जीव टाकताय या भिंतीवर? तुमच्या बापाची आहे का?” तुम्ही म्हणालात, “अहवाल मागे घे. एक हिवाळा दे तिला.” मालक आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. “इज ही सेइंग द रिपोर्ट इज राँग?”

तेव्हा मी ते वाक्य बोलले. इंग्रजीत, म्हणजे तुम्हाला नव्हे, त्याला ऐकू जावं म्हणून. “ही इज अ मेसन. ही इज नॉट अॅन इंजिनियर.”

तुम्ही टोपी घातलीत. मालकाला म्हणालात, “दॅट इज करेक्ट, सर.” हत्यारांची पिशवी तिथेच ओट्यावर राहिली. शुक्रवारी दुपारी सेलिनाकाकूंचा फोन आला, तुम्ही ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करता करता खाली बसलात आणि उठलाच नाहीत.

लोक म्हणतात, माफी मागायची राहून गेली. माझी राहून गेली नव्हती. मी मागणारच नव्हते. चूक तुमची आहे, चार दिवसांत तुमचा राग उतरेल, आणि तुम्हीच कॉफी घेऊन माझ्या ऑफिसात याल, असं मी धरून चालले होते. इतकी मी खात्रीची बाई.

काल काकूंसाठी तुमची पिशवी आणायला रेक्टरीत गेले. बर्फ वितळून छपरावरचं पाणी वाहत होतं. उत्तरेच्या भिंतीवरचा पावसाचा पाइप वरून सुटून लोंबकळत होता. मी आधी भेगेवरची पट्टी पाहिली. अख्खी. केसाएवढीही चीर नाही. एवढ्या हिवाळ्यात भिंत तसूभरही हललेली नव्हती. पाया खचतोय हे माझं वाक्य तिथेच खोटं पडलं. मग पाइपामागे नजर गेली.

तिथे, कोपऱ्यातल्या शेवटच्या सांध्यात, सिमेंट ओलं असताना अंगठ्यानं ओढलेला क्रूस होता. छोटा, एक रेघ जरा तिरकी.

ती रेघ मी वीस ठिकाणी पाहिलेली आहे. काम संपलं की तुम्ही शेवटच्या सांध्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्यानं क्रूस काढायचात. तुमचे वडील वसईत विहिरी बांधताना काढायचे. “आपलं काम झालं, आता तो बघेल,” एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. तुमचा अंगठा लहानपणी दारात चेंगरला होता, म्हणून आडवी रेघ तिरकी. त्यावर मी माझा अंगठा ठेवला. भोवतालच्या एकाही विटेला चेहरा उरला नव्हता.

घाईतला कुणी! नऊ वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत. मी त्या चिखलात उभी राहून तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या; शेजारी कुत्रा फिरवणारी बाई रस्ता ओलांडून गेली. बुटक्या चौकटीला तुम्ही न बघता वाकलात, कारण मला भेटण्याच्या कितीतरी आधी तिथून रोज ये-जा केली होतीत. आणि मी विचारलं, बापाची आहे का.

आता सांगा, मी काय करू? भिंत वाचवायची तर समितीला सांगावं लागेल की पाया ठीक आहे, विटाही ठीक होत्या, दुरुस्तीनं त्या मेल्या. ते विचारणार, कशावरून? दीडशे वर्षांच्या थंडीनं फुटल्या नसतील कशावरून? मग सांगावं लागेल दुरुस्ती कधी झाली, कुणी केली. तुमच्या मौनाचं मिनिट संपल्यावर पाच मिनिटांत. गप्प बसले तर तुमचं नाव शाबूत, माझा शिक्का शाबूत, मालक खूश. फक्त भिंत जाईल. आणि तुम्ही माझ्याकडे मागितलंत ते एवढंच एक होतं.

उद्या काकूंकडे जाते.

*

सोमवार. जाऊन आले.

काकू चहा टाकत होत्या. तुमची शेरॉन टेबलाशी बसून आलेल्यांना आभाराची कार्डं लिहीत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं. तुम्हाला माहीत आहे, मला आडून विचारता येत नाही. काकूंनी गॅस बंद केला आणि चहा न गाळताच बसल्या.

“कसं कळलं तुला?”

“अंगठा दिसला. पाइपामागे.”

“बाय गं,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या कापडाचा कोपरा नीट केला. “इथलं त्याचं पहिलं काम ते. काँट्रॅक्टर चांगला होता, ह्यालाच विचारलं, माल काय आणू? चुन्यात हात घालूनच तर वाढलेला हा. पण घरी येऊन मला म्हणाला, सेलिना, चुना मागितला तर हसतील, म्हणतील कुठल्या खेड्यातून आलाय. म्हणून सिमेंट सांगितलं. बापानं जन्मभर चुना मळला, आणि ह्याला त्याची लाज वाटली.”

“मग?”

“मग काय. तीन-चार हिवाळ्यांत विटा फुटायला लागल्या. दर शनिवारी आम्ही तिकडच्या बाजाराला जायचो, एवढा एक तास गाडी चालवून. मला वाटायचं भाजीसाठी. मी टोमॅटो निवडायची आणि हा भिंतीकडे बघत उभा.”

त्या उठल्या आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक फोटो काढून आणला. परांचीवर उभे तुम्ही, केस काळे, थापी वर धरून हसताय. मागे उत्तरेची भिंत. वरच्या निम्म्या भागात नवं राखाडी सिमेंट, खाली अजून जुना पांढरा चुना, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक वीट धडधाकट.

“बापाला पाठवायला काढला होता. पाठवला नाही. त्याला ते राखाडी दिसलं असतं.”

काका, मला याहून मोठा पुरावा मिळणार नव्हता. आणि त्यात मधोमध तुम्ही उभे.

शेरॉननं पेन खाली ठेवलं. “नो, मॉम. एव्हरीबडी इन दॅट टाउन लव्हज हिम. दे आर हॅविंग अ मोमेंट ऑफ सायलेन्स. अँड देन व्हॉट, शी शोज देम धिस?” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: “यू गेट टू बी द ऑनेस्ट वन, आंटी. ही गेट्स टू बी द गाय हू रुइन्ड इट. ही कान्ट इव्हन अॅन्सर.”

ती बरोबर बोलत होती. तुमची मुलगी आहे.

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” काकू म्हणाल्या. “पण बावीस वर्षं मूठ झाकून ठेवायची म्हणजे हात दुखतो गं. त्याचा दुखायचा, मी पाहिलाय.” त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. शेरॉन कार्डं तशीच टाकून वर निघून गेली.

घरी येताना मला एक गोष्ट लख्ख कळली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. तुम्ही चुना मागितला नाहीत, कारण गोऱ्या काँट्रॅक्टरसमोर खेडवळ दिसायचं नव्हतं. मी तुम्हाला मेसन म्हणाले, कारण मालकासमोर मराठीत वाद घालणारी बाई दिसायचं नव्हतं. एकच लाज, काका. त्याच भिंतीपायी.

*

शुक्रवार. काल झालं सगळं.

मौनाच्या वेळी हीटरचा टक टक आवाज येत होता. काकू दुसऱ्या रांगेत, काळ्या कोटात. शेजारची खुर्ची शेरॉनसाठी ठेवलेली आणि रिकामी. मालकानं मला लांबूनच मान हलवून हाय केलं.

मी म्हणाले, मी माझा अहवाल मागे घेते आहे. मालकानं मान वर केली. मी पट्टीचं सांगितलं, उंबऱ्याचंही सांगितलं, जरी ते कुणी विचारलं नव्हतं. मग फोटो पुढे केला. समितीच्या अध्यक्ष म्हणजे बाजारात मध विकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी चष्मा लावला आणि फोटोकडे इतका वेळ बघितलं की लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले.

“इज धिस हू आय थिंक इट इज?”

काकूंकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलं. त्यांनी मान हलवली.

“येस,” मी म्हणाले. “इनास डिड इट. ही न्यू बेटर अँड ही डिड इट, अँड ही स्पेंट ट्वेन्टी इयर्स लुकिंग अॅट इट.” मग, न ठरवलेलं: “आय टोल्ड हिम ही वॉज ओन्ली अ मेसन. ही वॉज राइट अबाउट द वॉल. आय वॉज राँग.”

तुमच्यासाठी ठेवलेल्या मिनिटाहून हे मौन मोठं होतं आणि मला ते सोसवेना. मालक कोट उचलून निघून गेला. तो आता मला बोलावणार नाही. मधवाल्या बाईंनी फोटो काकूंच्या हातात नेऊन दिला, स्वतः उठून. त्या काकूंना काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

परवानगी नाकारली. कायमची नाही, तुम्ही मागितली होतीत तेवढीच मुदत दिली: भिंतीचा एक तुकडा चुन्यानं दुरुस्त करायचा, फुटलेल्या विटा बदलायच्या, आणि एक हिवाळा बघायचं. जिंकलो असं मी म्हणणार नाही. सुकेळ्यांचा डबा उघडू नका.

आज सकाळी शेरॉनचा फोन आला. काकूंनी सगळं सांगितलं असणार. रागावलेली आहे का, ते आवाजावरून कळेना.

“विच पार्ट आर यू डूइंग फर्स्ट?”

मी सांगितलं. पाइपामागचा कोपरा, तिथे सगळ्यात वाईट अवस्था आहे. सिमेंटचा प्रत्येक सांधा उकरून काढावा लागेल. प्रत्येक.

ती म्हणाली, “सो हिज क्रॉस विल बी गॉन.”

“हो,” मी म्हणाले. “विटा वाचवायच्या तर जाणार.”

गेले सहा दिवस मी हेच टाळत होते, काका. तुमच्या हाताची या देशातली पहिली खूण, आणि ती काढून टाकल्याशिवाय तुमची भिंत जगत नाही. आपण छिन्नी लावू, डोळे मिटून लावू, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

“व्हेन?” तिनं विचारलं.

“मेमध्ये. दंव संपल्यावर.”

“ओके. डोन्ट टच दॅट वन. आय वॉन्ट टू डू दॅट वन.”

तिनं आयुष्यात छिन्नी हातात धरलेली नाही. तुमची पिशवी काकूंनी मला परत दिली आहे, त्यातली बारीक छिन्नी मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली. कशी धरायची ते दाखवीन. विटेला लावायची नाही, सांध्याला लावायची, आणि हात हलका ठेवायचा. तुम्ही मला दाखवली होतीत तशी.